संशयाचा फायदा

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा
आझेमीनाच्या वाट्याला बचाव पक्ष आला.
टर्पस्ट्राबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
म्हणाल्या, बदलून देते हवं तर.
नको, म्हणाली ती,
आणि चिठ्ठीची बारीक घडी करून
सायकलच्या किल्लीपाशी खिशात ठेवली.

हेग. नोव्हेंबर. साडेचारलाच दिवे.
वाऱ्याशी हुज्जत घालत सायकल रेटायची,
वाचनालयात हीटरलगतची खुर्ची धरायची
आणि उघडायचं एखादं निकालपत्र:
आठशे पानं, तीन हजार तळटीपा.
माणसं राहतात ती तळटीपांत,
बारीक टाइपात,
साक्षीदार बी-एकवीस, साक्षीदार के-चार,
नावांवर काळी पट्टी.
आमच्याकडे गुलूला
जिवंत माणसाचं नाव असं झाकत नाहीत,
लमुनू एकदा म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने, पान उलटताना:
झाकायला हवं होतं.

कलम अठ्ठावीस.
सेनापतीला माहीत होतं,
किंवा माहीत असायला हवं होतं.
त्या 'किंवा'वर आमचं अख्खं सत्र गेलं.

फिर्यादीच्या बाजूने मी आणि लमुनू.
आमच्याकडे सगळं होतं:
ट्रकांची नोंदवही, डिझेलच्या पावत्या,
रात्री अकराचा वायरलेस निरोप.
देश काल्पनिक, नदी काल्पनिक,
कैदी कोंबले ती शाळेची व्यायामशाळाही.
आझेमीनाने फाइल एका बैठकीत वाचली.
खिडक्या किती उंचीवर होत्या
ते लिहिलेलंच नाही, एवढंच म्हणाली.
आम्ही चहा ओतत राहिलो.

तीन आठवडे ती स्वयंपाकघरात
फ्रिजसमोर उभी राहून युक्तिवाद घोकत होती.
कांदा करपायचा.
मी विचारलं एकदा, तू कशाला इतकी मरतेस
त्या माणसासाठी?
तिने पातेलं सिंकमध्ये ठेवलं.
उद्या त्याने म्हणायला नको,
मला धड वकील मिळाला नव्हता.

त्या दिवशी उसना काळा झगा,
बाह्या बोटांवर येणाऱ्या.
निरोप पाठवला गेला, मान्य.
पोचला, हे कुठे सिद्ध झालंय?
पावतीवर सही आहे.
सहीखाली तारीख आहे का?
आणि मग अगदी सपाट आवाजात:
त्या रात्री एकशे बारा जण मारले गेले,
याबद्दल वाद नाही.
मारले गेले.
कर्ता न घालता वाक्य पुरं करायला
आम्ही तिघीही इथेच शिकलो होतो.
लमुनूच्या हातून कागद सांडले.
मी एक पान शोधत राहिले, जे फाइलमध्ये नव्हतंच.

निकाल तिच्या बाजूने.
टाळ्या, प्लास्टिकच्या पेल्यांत वाईन,
कुणीतरी आणलेलं चीज.

संध्याकाळी आम्ही तिघी श्वेनिंगेनला गेलो,
तुरुंगाच्या विटांच्या भिंतीवरून
पुढे वाळूच्या टेकड्यांकडे.
समुद्र दिसत नव्हता, आवाज येत होता.
झेनित्साहून तिच्या आईचा फोन आला.
स्पीकर चालू राहिला होता चुकून.
जिंकलीस?
हो.
कुणाच्या बाजूने?
आझेमीनाने फोन कानापासून लांब धरला.
आई, इथे रेंज जातेय, म्हणाली.
पडद्यावर चारही काड्या भरलेल्या.

सोमवारी मी तिला
टर्पस्ट्राबाईंच्या खोलीत पाहिलं.
पुढच्या तुकडीसाठी फाइल दुरुस्त करत होत्या दोघी.
बाई टाइप करत होत्या, ती सांगत होती:
खिडक्या, जमिनीपासून तीन मीटर.
उडी मारली तरी हात पोचत नाही.
एका काचेला तडा, डाव्या कोपऱ्यात,
तिथून पहाट आधी कळायची.

स्रोत? बाईंनी विचारलं,
सवयीने, आणि लगेच बोटं थांबली.

तो रकाना अजून रिकामा आहे.